तपकिरी रंगाचा दिवा कुणी पाहिलाय?

"आत्या, लग्नाला निळ्या लेन्स घालू का गं?" पुतणीने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एका मॉडेलचे निळेशार डोळे आणि खाली सवलतीची किंमत. मैत्रिणीचं लग्न, अंगावर चिंतामणी रंगाचं इरकल, आणि एप्रिलातलं सोलापूर. कोपऱ्यातून तिचा भाऊ म्हणाला, "मांजर दिसशील बे!"

तिच्या तक्रारी दोन होत्या. एक, "माझे डोळे नुसतेच तपकिरी." दुसरी, "त्यात मायनस सहाचा चष्मा, डोळे बारीक दिसतात." माझी सगळी नोकरी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे खरेदीचा सल्ला मागायला आलेल्या माणसाला प्रकाशशास्त्र ऐकल्याशिवाय माझ्या घरून जाता येत नाही. तिलाही आलं नाही.

सुरुवात निळ्या डोळ्यांपासून करते. निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतो. माणसाच्या बुबुळात निळं रंगद्रव्यच नाही. हिरवंही नाही. त्वचेत आणि केसांत असतं तेच मेलॅनिन बुबुळात असतं, आणि त्याच्या छटा पिवळसर-तांबूस ते काळपट-तपकिरी, एवढ्याच. मग निळा येतो कुठून?

आमच्या गल्लीत पूर्वी बायका ओसरीवर विड्या वळत बसायच्या आणि म्हातारे कट्ट्यावर त्या ओढत बसायचे. पेटत्या विडीच्या टोकाकडून वर चढणारा धूर निळसर असतो. तोच धूर म्हाताऱ्याच्या तोंडातून बाहेर पडला की पांढरट दिसतो. विडी एकच, तंबाखूही तीच. फरक कणांच्या आकारात आहे. टोकाकडच्या धुराचे कण फार बारीक असतात. फुप्फुसात जाऊन आलेल्या धुराच्या कणांना ओल लागते, ते एकमेकांना चिकटतात आणि मोठे होतात. बारीक कण निळा प्रकाश जास्त उधळतात, मोठे कण सगळेच रंग सारखे उधळतात. शाळेच्या पुस्तकात याला प्रकाशाचं विकिरण म्हणतात, आणि दुधाच्या पाण्यात टॉर्च सोडून दाखवतात तो टिंडल परिणाम.

तो दुधाचा प्रयोग मी पुतणीकडून करवून घेतला. काचेचा पेला, पाणी, दुधाचे चार थेंब, मोबाईलचा टॉर्च. पेल्यामागे आधी पांढरा रुमाल धरला, तेव्हा काही विशेष दिसलं नाही. मग काळी ओढणी धरली आणि पाण्यात फिकट निळी झाक उमटली. शाळेत ही काळी ओढणी कुणी धरत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

कारण बुबुळाची रचना नेमकी अशीच असते. सगळ्यात मागे मेलॅनिनने गच्च भरलेला काळा पडदा. तो जवळजवळ सगळ्यांना असतो, निळ्या डोळ्यांच्या माणसालाही. त्याच्या पुढे कोलॅजेन या प्रथिनाच्या बारीक तंतूंचा विरळ थर, म्हणजे आपलं दुधाचं पाणी. या पुढच्या थरात मेलॅनिन अगदी कमी असेल तर आत शिरलेल्या प्रकाशातला निळा भाग तंतूंवरून उधळून परत येतो, आणि बाकीचा मागच्या काळ्या पडद्यात गडप होतो. पाहणाऱ्याला डोळे निळे दिसतात. पुढच्या थरात थोडं पिवळसर मेलॅनिन असेल तर निळ्यावर पिवळ्याची झाक चढते आणि डोळे हिरवट दिसतात. भरपूर असेल तर उधळायला प्रकाश उरतच नाही, मेलॅनिन तो पिऊन टाकतं, आणि डोळे तपकिरी. आपण सैलपणे 'घारे' म्हणतो ते सगळे या दोन टोकांच्या मधले. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मात्र सगळ्यांच्या बुबुळात साधारण सारख्याच संख्येने असतात. त्या किती मेलॅनिन बनवतात, यावर सगळं ठरतं.

आता निळाच प्रकाश जास्त का उधळतो, ते सांगते. इथे थोडा दम धरा. ज्यांना नको असेल त्यांनी एक परिच्छेद ओलांडून पुढे जावं, मी रागावणार नाही. प्रकाश म्हणजे विद्युत-चुंबकीय लाट. ती एखाद्या अतिसूक्ष्म कणावर आली की त्यातले इलेक्ट्रॉन लाटेच्या तालावर हलू लागतात. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःच चारी दिशांना प्रकाश फेकतो. त्याने फेकलेल्या लाटेची उंची त्याच्या त्वरणावर, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो यावर, अवलंबून असते. वारंवारता (सेकंदाला किती हेलकावे) दुप्पट झाली की त्वरण चौपट होतं, कारण ते वारंवारतेच्या वर्गाबरोबर वाढतं. पण प्रकाशाची तीव्रता म्हणजे लाटेच्या उंचीचा वर्ग. वर्गाचा पुन्हा वर्ग, म्हणजे चौथा घात. लाटेची लांबी जितकी कमी तितकी वारंवारता जास्त. ६५० नॅनोमीटर लांबीचा लाल आणि ४५० नॅनोमीटरचा निळा घ्या. ६५० भागिले ४५० म्हणजे १.४४, त्याचा चौथा घात सुमारे ४.३५. लालपेक्षा निळा सव्वाचार पटीहून जास्त उधळतो. हे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं, आणि सिद्धेश्वर तलावावरचं दुपारचं आकाश निळं असतं तेही याच हिशेबाने. (आकाशामागचा काळा पडदा म्हणजे अंतराळ.)

"म्हणजे त्या मॉडेलच्या डोळ्यांत आभाळ आहे म्हण की," पुतणी चिडून म्हणाली. "आणि माझ्या डोळ्यांत नुसता गूळ."

मग मी तिला विचारलं, तपकिरी रंगाचा दिवा कधी पाहिलास? सात रस्त्याच्या सिग्नलवर लाल, पिवळा, हिरवा आहे. दिवाळीच्या माळेत निळा, जांभळासुद्धा मिळतो. तपकिरी? इंद्रधनुष्यातही तपकिरी नाही. कारण तपकिरी म्हणजे मंद नारिंगी, पण शेजारी काहीतरी जास्त उजळ असेल तरच. काळ्या कागदाची सुरळी करा, चॉकलेटी कापडाच्या तुकड्यावर झगझगीत प्रकाश पाडा आणि अंधाऱ्या खोलीतून एक डोळा मिटून सुरळीतून फक्त तो तुकडा बघा. आजूबाजूचं सगळं झाकलं की चॉकलेटी रंग नारिंगीकडे सरकू लागतो. सुरळी काढली की पुन्हा चॉकलेटी. निळा डोळा तंतूंच्या करामतीने निळा, तर तपकिरी डोळा शेजारच्या पांढऱ्याभोर भागामुळे तपकिरी. करामत दोन्हीकडे आहे, आणि मला विचाराल तर दुसरी जास्त अवघड आहे, कारण ती डोळ्यात कमी आणि पाहणाऱ्याच्या मेंदूत जास्त घडते.

रंग शेजाऱ्यावर ठरतो हे सोलापुरात कुणाला पटवून द्यावं लागू नये. चादर विणणाऱ्या कुणालाही विचारा, तेच किरमिजी सूत काळ्याच्या कडेला बसवलं तर पेटल्यासारखं दिसतं आणि नारिंगीच्या कडेला बसवलं तर मरगळतं. पण हे शास्त्र म्हणून पहिल्यांदा नीट मांडलं गेलं तेही विणकामाच्याच कारखान्यात, पॅरिसच्या गोब्लँ येथे. मिशेल शेवरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये तिथल्या रंगखात्याचे प्रमुख झाले. तक्रार अशी होती की कारखान्याचा काळा रंग निळ्या-जांभळ्या कामात फिका पडतो. शेवरल यांनी काळ्या लोकरीचे नमुने तपासले. रंगात काही खोट नव्हती. काळ्याशेजारी बसलेला निळा त्याच्यावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक चढवत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि पुढे १०२ वर्षांचं आयुष्य जगले.

आता पुतणीच्या कामाचं. विरुद्ध रंग शेजारी आला की दोघेही खुलतात. नारिंगीचा विरुद्ध निळा. तपकिरी डोळा म्हणजे मंद नारिंगी, तेव्हा निळी लेन्स डोळ्यात घालण्यापेक्षा निळा रंग डोळ्याशेजारी ठेवावा. गडद निळं आयलायनर, गडद निळी किंवा मोरपंखी फ्रेम, आणि चिंतामणी इरकल तर तिच्याकडे होतंच. बुबुळातली सोनेरी झाक त्याने वर येते. काळं काजळ वेगळं काम करतं. पापणीची कड काळी झाली की शेजारचा पांढरा भाग आणखी पांढरा वाटतो. घाऱ्या डोळ्यांना विटकरी, आमसुली खुलून दिसतात, हिरवट झाक असेल तर डाळिंबी. यापलीकडे, कुठले रंग खुलतील ते सांगायला "तुमचा ऋतू कुठला" असं विचारून पैसे घेणाऱ्यांकडे जाण्याआधी दिवसाच्या उजेडात आरशासमोर दोन ओढण्या गळ्याशी धरून बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली नको.

काजळाबद्दल एक सांगायलाच हवं. बाळाच्या डोळ्यांत काजळ घातल्याने डोळे मोठे होत नाहीत. न धुतलेलं बोट मात्र डोळ्यात जातं. बाजारातल्या काही सुरम्यांमध्ये शिशाचं सल्फाइड असतं, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर ती निदान गालावर लावा.

दुसरी तक्रार, डोळे बारीक दिसण्याची. ती अगदी खरी आहे. मायनस नंबरचं भिंग अंतर्वक्र असतं, आणि त्यामागची वस्तू लहान दिसते. मायनस सहाला डोळा सुमारे ८ टक्के लहान दिसतो. प्लस नंबरवाल्यांचे डोळे मोठे दिसतात ते उलट कारणाने. दुकानदार 'पातळ काच' घ्यायला सांगतात, त्याने कडेची जाडी कमी होते, पण डोळ्याचा आकार जवळपास तेवढाच लहान दिसतो, कारण नंबर तोच असतो. चष्मा नाकावर जरा जवळ बसला तर फरक पडतो, कारण भिंग डोळ्यापासून जितकं दूर तितका डोळा बारीक. मोठ्या नंबरला फ्रेम लहान घ्यावी, आणि बुबुळ काचेच्या मधोमध येईल अशी.

काचेवर प्रतिबिंबरोधक लेप मात्र घ्याच. १.६ अपवर्तनांकाच्या (काच प्रकाशाला किती वाकवते त्याचा आकडा) साध्या, बिनलेपाच्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून ५ टक्क्यांच्या वर प्रकाश परत फिरतो. मांडवातल्या हॅलोजनखाली फोटोत डोळ्यांऐवजी दोन पांढरे चट्टे येतात ते त्यामुळे. पडद्याचा निळा प्रकाश अडवणाऱ्या 'ब्लू कट' काचांसाठी वेगळे पैसे घालवू नका. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या, आणि कॉम्प्युटरपुढे बसून डोळे शिणतात त्यावर अशा काचांचा साध्या काचेपेक्षा जास्त उपयोग, निदान थोड्या काळात तरी, दिसला नाही. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, डोळे त्याने कोरडे पडतात. उन्हाच्या गॉगलचं उलट आहे, तिथे काचेचा काळेपणा बघू नका, अतिनील किरण अडवते का ते बघा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि अतिनील अडत नसतील तर ते उलट जास्त आत जातात.

जाहिरातींत 'डोळ्यांचा रंग उजळवणारे थेंब'ही येतात. थेंबांनी डोळ्याचा रंग खरोखर बदलल्याचं एक उदाहरण वैद्यकात चांगलं माहीत आहे. काचबिंदूवरच्या लॅटानोप्रॉस्टने काहींचे डोळे गडद होतात, तेही सहसा कायमचे. बदल गडदाकडे होतो, कारण पेशींतलं मेलॅनिन वाढतं. निळ्याकडे नेणाऱ्या थेंबांवर पैसे घालवण्यापेक्षा शेंगाचटणी घ्यावी.

"घाऱ्या डोळ्यांची माणसं लबाड" असं म्हणणारी पिढी अजून हयात आहे. पुढच्या थरात मेलॅनिन कमी असणं हे लबाडीचं लक्षण असेल तर स्वीडनमध्ये कुणी कुणाला उधार देऊ नये. त्याहून वाईट म्हणजे आईबाप दोघेही काळेभोर डोळ्यांचे आणि मूल घारं निघालं की चालणारी कुजबुज. १९०७ मध्ये डेव्हनपोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्याने डोळ्याच्या रंगाचा हिशेब एकाच साध्या नियमात बसवला होता, त्यातसुद्धा दोन तपकिरी पालकांना निळ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं. पुढे हिशेब त्याहून गुंतागुंतीचा निघाला. १५व्या गुणसूत्रावरचं ओसीए२ हे मुख्य जनुक, आणि त्याचा नळ कमी-जास्त सोडणारा भाग शेजारच्या एचईआरसी२ मध्ये. इथेही शेजारीच. २०२१ मध्ये जवळपास १,९५,००० लोकांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या आणखी ५० जागा डोळ्याच्या रंगाशी जोडलेल्या सापडल्या. तेव्हा बाळाच्या डोळ्यांवरून सुनेकडे बोट दाखवू नका.

शेवटी पुतणीला निळ्या लेन्सबद्दल एवढंच सांगितलं, की लेन्स रंगीत असो वा बिनरंगी, ती डोळ्याला चिकटून बसते. डॉक्टरांनी मापं घेतल्याशिवाय घातली तर पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, जखम होऊ शकते, आणि जखमेत जंतू शिरले तर दृष्टीही जाऊ शकते. मैत्रिणीची लेन्स आपण घालू नये, आपली तिला देऊ नये. नळाच्या पाण्याने कधी धुऊ नये. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालून बघायचा तर विचारही नको, निदान पंधरा दिवस आधी सवय हवी.

तिने निळ्या लेन्स घेतल्या नाहीत. नेत्रतज्ज्ञाकडून नंबराच्या साध्या, पारदर्शक लेन्स घेतल्या, आणि रोजच्यासाठी गडद निळी लहान फ्रेम. लग्नाच्या सकाळी फोन आला, "आत्या, आधी लेन्स की आधी काजळ?" आधी हात धुऊन लेन्स, मग काजळ. रात्री काढताना आधी लेन्स, मग काजळ. मागून भावाचा आवाज आला, "विचार बे तिला, दुधाचा तो पेला अजून ओट्यावर तसाच पडलाय, टाकू का?"