बांधकाम कंपन्यांची संमतीपत्रे आणि पर्यावरण अहवाल : कोकणातले अर्ज नेमके कोठे अडतात

महामार्ग, पूल, बंदर किंवा मोठे गृहसंकुल बांधणाऱ्या कंपनीला पर्यावरणाच्या कागदांसाठी दोन वेगळ्या दारांशी जावे लागते, आणि बहुतेक घोळ या दोन दारांची गल्लत केल्यामुळे होतो. पहिले दार पर्यावरण मंजुरीचे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मिळणारी ही मंजुरी प्रकल्प ज्याचा आहे त्याच्या नावे असते. इमारतींच्या बाबतीत बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर ती लागते. दुसरे दार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचे. कंत्राटदार कंपनीने कामापुरता उभारलेला आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट, हॉटमिक्स (डांबरमिश्रित खडीचा) प्लांट किंवा खडी क्रशर यांना १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा हवा कायदा यांखाली हे संमतीपत्र स्वतंत्रपणे आणि ते चालविणाऱ्याच्या नावे घ्यावे लागते. ‘प्रकल्पाला मंजुरी आहेच, मग प्लांटला वेगळा कागद कशाला’ असे म्हणून प्लांट सुरू करणाऱ्यांना पुढे नोटीस येते, आणि तेव्हा मंजुरीपत्राची प्रत दाखवून उपयोग होत नाही.

संमतीपत्राचे दोन टप्पे आहेत. उभारणीपूर्वी स्थापना संमती आणि प्लांट चालू करण्यापूर्वी संचालन संमती. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून होतो. जागेचा आराखडा, यंत्रांची माहिती, पाण्याचा हिशेब आणि जनरेटरचा तपशील जोडावा लागतो. हे सगळे कंपनीत तयारच असते आणि त्यात कोणी अडकत नाही.

लोक अडकतात ते सनदी लेखापालाच्या प्रमाणपत्रात. अर्जाचे शुल्क भांडवली गुंतवणुकीवर ठरते आणि ही गुंतवणूक घसारा वजा न करता दाखवायची असते. मोठ्या कंपन्यांचे प्लांट एका साइटवरून दुसऱ्या साइटवर फिरत असतात, त्यामुळे मुख्य कार्यालयातला लेखापाल खतावणीतली घसारा वजा केलेली रक्कम लिहून पाठवतो. शुल्क कमी भरले जाते, त्रुटी निघते, नवे प्रमाणपत्र मागविण्यात महिना जातो. लेखापालाला ‘मूळ किंमत, घसारा वजा न करता’ एवढे एक वाक्य आधी लेखी कळवले तर हा महिना वाचतो.

त्याहून अवघड कागद म्हणजे जागेचा. कोकणात अशा प्लांटसाठी सहसा कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार, भाड्याने घेतला जातो, कारण तो सपाट असतो आणि वस्तीपासून जरा लांब असतो. परंतु सड्याच्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस सामाईक खातेदार असतात, त्यांतले निम्मे लालबागपासून विरारपर्यंत पांगलेले, आणि एक-दोन नावे अशा आजोबांची असतात की ज्यांना जाऊन वीस वर्षे झाली तरी वारसांचा फेरफार झालेला नाही. गावात राहणाऱ्या एका भावाच्या सहीवर भाडेपट्टा केला जातो, कंपनीला वाटते काम झाले, आणि कोणा चुलत्याने एक तक्रार अर्ज दिला की ताब्याचा पुरावाच डळमळतो. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावा लागतो, हेही पुष्कळदा विसरले जाते. ज्यांना जमत असेल त्यांनी सह्या आणि कुलमुखत्यारपत्रे गणपतीत किंवा शिमग्यात करून घ्यावीत. त्या आठ दिवसांत जी माणसे एका माजघरात भेटतात, ती एरवी वर्षभर हाती लागत नाहीत.

अर्ज कोठे जातो हेही नीट पाहावे. चिपळूण आणि रत्नागिरी येथील उपप्रादेशिक कार्यालये कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयाखाली येतात, तर रायगडसाठी स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय आहे. कशेडी घाटाच्या दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे प्लांट असले, तरी पोलादपूरकडचा कागद एका वाटेने जातो आणि खेडकडचा दुसऱ्या. संमतीपत्राला मुदत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्यापूर्वी, संमतीपत्रावर लिहिलेले दिवस आधी करायचा असतो. मुदत संपल्यावर तेवढ्या दिवसांत, असा उलटा अर्थ लावणारे मी पाहिले आहेत.

आता अहवालांकडे. पर्यावरण मंजुरी ज्याच्या नावे आहे त्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर या दिवशी सहामाही अनुपालन अहवाल द्यायचा असतो. जूनच्या अहवालात ऑक्टोबर ते मार्च आणि डिसेंबरच्या अहवालात एप्रिल ते सप्टेंबर हा काळ धरण्याची पद्धत आहे. किनारपट्टीवरच्या प्रकल्पांना सागरी किनारा नियमन क्षेत्राची मंजुरीही असते, आणि तिच्या अधिसूचनेत दुसरी तारीख ३१ डिसेंबर दिलेली आहे. एकाच जेट्टीसाठी किंवा खाडीपुलासाठी दोन पत्रे आणि दोन तारखा, असा प्रकार का ठेवावा याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही टेबलावर मिळालेले नाही. म्हणून आपल्या हातातील पत्रावर छापलेली तारीखच प्रमाण मानावी आणि दोन्हींत जी आधी येते ती पाळावी, म्हणजे प्रश्न उरत नाही.

या अहवालात हमखास नसणारे दोन कागद आहेत. मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांतील एक मराठी, जाहिरात द्यायची अट मंजुरीपत्रात असते. जाहिरात दिलेली असते, पण चार वर्षांनी तिचे कात्रण कोणाकडेच नसते. दुसरा कागद म्हणजे मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला दिल्याची पोच. ग्रामसेवक बदलून गेलेले असतात आणि आवक नोंदवही शोधायची कोणाची तयारी नसते. म्हणून ज्या दिवशी प्रत द्याल त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घ्या, नुसत्या सहीवर परत येऊ नका.

प्रत्येक अटीपुढे ‘पालन केले’ एवढेच लिहिणे हा अहवाल परत येण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे मागचा अहवाल उतरवून काढणे. एका प्रकल्पाचा डिसेंबरचा अहवाल माझ्याकडे तपासायला आला होता. त्यात जुलैमध्ये धूळ बसवण्यासाठी रोज टँकरच्या चार खेपा पाणी मारल्याचे लिहिले होते, आणि पुढच्याच पानावर त्याच जुलैत अतिवृष्टीमुळे अकरा दिवस काम बंद असल्याची नोंद होती. कोकणात जूननंतर प्रश्न धुळीचा नसतो, गाळाचा असतो. कापलेल्या डोंगराची तांबडी माती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरते, तिथून भाताच्या खाचरात जाते, आणि तक्रार तेथूनच येते. पावसाळ्याच्या अहवालात गाळ अडवणारे खड्डे, उतारावरचे चर, झाकलेले मातीचे ढीग आणि त्यांची तारखेसह छायाचित्रे हवीत. खोदलेली माती कोणाच्या जमिनीत टाकली, त्याचा गट क्रमांक आणि मालकाची लेखी संमतीही जोडावी. नमुना तक्त्यात त्यासाठी रकाना नसला तर पुरवणी जोडा.

हवा, पाणी आणि आवाज यांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच करून घ्यावी, आणि मान्यतेची मुदत नमुना घेतल्याच्या दिवशी चालू होती का, हे प्रमाणपत्रावर पाहावे. जनरेटरच्या धुरांड्याची उंची पाहणीत हटकून विचारली जाते : इमारतीच्या उंचीत क्षमतेच्या, म्हणजे केव्हीएच्या, वर्गमुळाची ०.२ पट मीटरमध्ये मिळवायची. १०० केव्हीएच्या जनरेटरला छपरापेक्षा दोन मीटर वर.

संमतीपत्र घेतलेल्या प्रत्येक प्लांटला याशिवाय नमुना पाच मधील पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत द्यावे लागते. ते ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचे असते. सहामाही अहवालाचे आकडे त्यात चिकटवले की बेरीज जुळत नाही. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र मात्र ३० जूनलाच देय असते, आणि साइटवर वापरलेले इंजिन ऑइल घातक कचऱ्यातच मोडते. ते ९० दिवसांहून अधिक साठवू नये आणि गावातल्या गॅरेजला बॅरलभर देऊन मोकळे होऊ नये. अधिकृत प्रक्रियाकर्त्याकडे गेल्याची वाहतूक पावती नसेल तर विवरणपत्रातला तो रकाना भरता येत नाही.

कंपनी बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल तर २०२२-२३ पासून तिला सेबीच्या शाश्वतता अहवालातही इंधन, पाणी आणि कचऱ्याचे आकडे द्यावे लागतात. तो अहवाल मुख्य कार्यालयात तयार होतो, नमुना पाच साइटवर भरला जातो, आणि डिझेलचा आकडा दोन्हींकडे वेगळा निघतो, कारण एकाने खरेदी मोजलेली असते आणि दुसऱ्याने वापर. दोन्ही कागद पुढे कोणीही शेजारी ठेवून वाचू शकतो, तेव्हा डिझेलची एकच नोंदवही दोघांनी वापरावी.

काम संपून प्लांट हलवला की तो बंद केल्याचे मंडळाला लेखी कळवावे आणि त्याचीही पोच घ्यावी. ते राहिले तर सड्यावर गवत उगवल्यानंतरही त्या प्लांटचे नमुना पाच का आले नाही, अशी विचारणा येत राहते.