रिमोट टीमची कार्यसंस्कृती : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रिमोट टीममध्ये कार्यसंस्कृती कशी रुजवायची, हा प्रश्न २०२० नंतरचा मानला जातो. प्रत्यक्षात संस्कृतीसाठी माणसे एका छताखाली हवीत की लिहून ठेवलेल्या पद्धतींवर ती दूर राहूनही रुजते, या वादातल्या दोन्ही बाजू त्याआधीच मांडून झाल्या होत्या. महासाथीने फक्त सगळ्या जगाला त्यात ओढले.

सुरुवातीच्या काळात संस्कृतीचा विचार कुणाच्या डोक्यातही नव्हता. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत टेलिकम्युटिंगची, म्हणजे ऑफिसात न जाता दूरसंचाराच्या मदतीने काम करण्याची, कल्पना पुढे आली ती रस्त्यांवरची कोंडी आणि इंधन डोळ्यांसमोर ठेवून. १९७९ मध्ये एका बड्या संगणक कंपनीने पाच कर्मचाऱ्यांच्या घरी टर्मिनल (कंपनीच्या संगणकाला जोडलेले यंत्र) बसवले आणि पुढच्या चार वर्षांत हा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. कंपनीतली माणसे एकमेकांशी कशी वागतात, या विषयाला व्यवस्थापनात भाव आला तो १९८० च्या दशकात, जपानी कंपन्यांच्या यशाने अमेरिकी उद्योग हादरल्यावर. हे दोन प्रवाह बराच काळ वेगवेगळेच वाहत राहिले.

ते एकत्र आले कंपन्यांच्या बाहेर. १९९० च्या दशकात मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणारे, सॉफ्टवेअर लिहिणारे गट जगभर विखुरलेले होते आणि त्यातले अनेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. ऑफिसच नसल्यामुळे ऑफिसची नक्कल करण्याचा प्रश्न आला नाही. १९९५ मध्ये वेब सर्व्हरसाठी (वेबसाइटची पाने पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी) एकत्र आलेल्या एका गटाची पद्धत बारकाईने बघण्यासारखी आहे. बदल सुचवायचा तो मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्या सदस्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर. इतरांनी ‘अधिक एक’, ‘शून्य’ किंवा ‘उणे एक’ असे मत द्यायचे. कोडमधल्या बदलावर हक्काने मत देऊ शकणाऱ्या एकाने जरी उणे एक दिले तरी काम थांबते; मात्र सोबत तांत्रिक कारण लिहावे लागते, नाहीतर तो नकार ग्राह्य धरला जात नाही. मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुले असते, कारण एकाचा दिवस ती दुसऱ्याची रात्र, आणि कुणी नोकरी सांभाळून सवडीने मेल बघणारा. लिस्टवर जे झाले नाही ते झालेच नाही, असा तिथला दंडक. दोघांनी प्रत्यक्ष भेटून काही ठरवले, तरी ते लिस्टवर आणून बाकीच्यांना बोलण्याची संधी द्यावी लागते.

माझ्या मते रिमोट संस्कृतीचा सगळा गाभा इथे आहे. मत कुणाला देता येते, नकार कसा द्यायचा, दोन वर्षांनी आलेल्या माणसाला जुना निर्णय कुठे सापडेल, हे सगळे आधीच ठरलेले आहे. म्हणून हे गट आदर्श होते असे नाही. लिस्टवरची भाषा कित्येकदा उर्मट असे, आणि आचारसंहिता फार उशिरा आल्या. एका जगप्रसिद्ध प्रकल्पाच्या प्रमुखाने आपल्या बोलण्यातल्या कठोरपणाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१८ मध्ये. पण २००५ नंतर ऑफिसशिवाय उभ्या राहिलेल्या कंपन्यांनी घडी उचलली ती इथूनच.

मग आला २०१३ चा फेब्रुवारी. एका मोठ्या इंटरनेट कंपनीच्या एचआर प्रमुखांचे अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. घरून काम करणाऱ्यांनी जूनपासून ऑफिसात यावे, असा आदेश त्यात होता. कारण असे की उत्तम कल्पना कॉरिडॉरमधल्या आणि कॅन्टीनमधल्या गप्पांतून सुचतात, आणि घरून काम करताना वेग व दर्जा यांचा अनेकदा बळी जातो. हे फर्मान किती जणांना लागू होते, यापेक्षा त्यातला युक्तिवाद महत्त्वाचा ठरला. काही दिवसांतच इलेक्ट्रॉनिक वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या साखळीनेही मुख्यालयातली वेळ-जागेची मोकळीक काढून घेतली.

कंपनीच्या बाजूनेही बोलायला हवे. तिचा बाजारातला वाटा वर्षानुवर्षे घसरत होता, नेतृत्व पुन्हापुन्हा बदलले होते, आणि घरून काम करणारे काही जण कामाच्या प्रणालीत क्वचितच लॉग-इन करतात, अशा बातम्या होत्या. विस्कटलेल्या कंपनीला काही काळ एका छताखाली आणावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. पण पत्रकात हा आजार लिहिलाच नव्हता. त्याऐवजी एक सर्वसाधारण सिद्धान्त मांडला गेला : संस्कृती म्हणजे जवळ असणे. त्याच एप्रिलमध्ये कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी एका परिषदेत सांगितले की माणसे एकटी असताना जास्त काम करतात, एकत्र असताना जास्त सहकार्य करतात आणि नवे काही शोधतात. हे विधान मूळ पत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक होते, पण लोकांच्या लक्षात राहिले ते पत्रकच. कुणाच्या कामाचा हिशेब नीट ठेवला गेला नव्हता, निर्णय कुठे नोंदवले जात होते, मॅनेजरांना दूरच्या माणसाशी वागायला कुणी शिकवले होते का, हे प्रश्न मागे पडले. कॉरिडॉरमध्ये जे ठरते ते तिथे नसलेल्याला कळत नाही, ही साधी अडचणही कुणी पुढे आणली नाही.

त्याच सुमारास विरुद्ध बाजूचा पुरावा तयार होत होता. चीनमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या नऊ महिन्यांच्या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्के वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यापासून हेच आकडे सगळीकडे फिरतात. त्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. तेवढ्याच कामगिरीवर घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोगानंतर निवडीची मुभा दिल्यावर निम्म्याहून अधिक जणांनी आपली कामाची जागा (घर किंवा ऑफिस) बदलली. नजरेआड असलेला माणूस बढतीच्या वेळी आठवत नाही, हा संस्कृतीचाच दोष होता. २०१७ मध्ये ती १९७९ ची संगणक कंपनीही आपल्या अनेक रिमोट कर्मचाऱ्यांना ऑफिसात बोलावून मोकळी झाली.

मार्च २०२० मध्ये वाद घालायला वेळच उरला नाही. बहुतेक कंपन्यांनी ऑफिसचा दिवस जसाच्या तसा व्हिडिओवर चढवला : तेवढ्याच मीटिंगा, तेच तास, वर ऑनलाइन प्रश्नमंजुषा आणि सक्तीच्या गप्पा. काहींनी माउस आणि कीबोर्डवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर आणली आणि होता तेवढा विश्वासही घालवला. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संवादाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळेच रिमोट झाल्यावर आपापल्या गटातले संबंध घट्ट झाले आणि गटागटांमधले विरळ झाले, असे त्यात दिसले. ऑफिसवाद्यांना हा मोठा आधार मिळाला, आणि तो खोटा नव्हता.

पुढे आले हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच चिनी प्रवास कंपनीत १,६०० हून अधिक जणांना घेतले होते. आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि कामगिरी किंवा बढतीवर फरक पडला नाही. त्याच वर्षी एका अतिबलाढ्य ऑनलाइन विक्री कंपनीने जानेवारी २०२५ पासून पाचही दिवस ऑफिस जाहीर केले. कारणे पुन्हा २०१३ चीच वाटावीत अशी.

आता खरा पेच नवख्यांचा आहे. एका कंपनीतल्या प्रोग्रॅमरांच्या अभ्यासात शेजारी बसणाऱ्यांना एकमेकांच्या कोडवर जास्त सूचना मिळत होत्या. त्याचा सर्वाधिक फायदा नव्यांना होत होता, आणि त्यासाठी खर्ची पडत होता तो अनुभवी मंडळींचा वेळ. मुक्त सॉफ्टवेअरच्या गटांकडे याचे तयार उत्तर नव्हते, कारण तिथे येणारा माणूस बहुधा थोडाफार शिकूनच येत असे. नव्या माणसाला पहिले काही महिने एक ठरलेला सोबती देणे, जोडीने काम करणे, वर्षातून एक-दोनदा सगळ्या टीमला एका ठिकाणी बोलावणे, आणि अनुभवी माणसाच्या शिकवण्याच्या वेळेची त्याच्या मूल्यमापनात नोंद घेणे, असे प्रयोग सध्या चालू आहेत. यातले शेवटचे सगळ्यांत कमी ठिकाणी होते.