लोहाचा हिशेब ठेवणारं प्रथिन

१९६१ मध्ये संदेशवाहक आरएनए, म्हणजेच एमआरएनए, सापडला; जनुकातला प्रथिनाचा मजकूर पेशीत पोचवणारी ही प्रत. त्याच वर्षी जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी जिवाणूंमधली जनुकं कशी चालू-बंद होतात ते मांडलं, आणि सगळ्यांचं लक्ष डीएनएकडे लागलं. एमआरएनए म्हणजे नुसता टपाल्या, अशीच समजूत होती.

तिला धक्का बसला तो उंदरांच्या यकृतात. फेरिटिन हे पेशीतलं लोहाचं कोठार. चोवीस तुकड्यांच्या त्या पोकळ गोळ्यात सुमारे साडेचार हजार अणू मावतात. लोह दिलं की फेरिटिन वाढतं, हे ठाऊक होतंच. जीवरसायनशास्त्रज्ञ हॅमिश मन्रो आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात ॲक्टिनोमायसिन डी हे औषध देऊन नवा आरएनए बनणंच रोखलं. फेरिटिन तरीही वाढलं! म्हणजे संदेश आधीच तयार होता, वाचला जात नव्हता इतकंच. लोह कमी असताना काहीतरी त्याला अडवून धरतं, असा तर्क झेरिंगर, बालिगा आणि मन्रो यांनी १९७६ मध्ये मांडला.

अडवणारा सापडायला आणखी बारा वर्षं गेली. १९८७ मध्ये फेरिटिनच्या एमआरएनएत, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी, सुमारे तीस अक्षरांची आकड्यासारखी वळलेली घडी दिसली. पुढच्या वर्षी तिला चिकटणारं प्रथिनही मिळालं; आज त्याला आयआरपी (आयर्न रेग्युलेटरी प्रोटीन) म्हणतात. ते तिथे बसलं की रायबोसोमला, म्हणजे संदेश वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राला, चढायला वावच राहत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. लोह पेशीत ओढून आणणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या एमआरएनएतही तशाच पाच घड्या निघाल्या, पण शेपटाकडे. तिथे बसलेलं आयआरपी संदेशाचं वाचन अडवत नाही, उलट आरएनएचे तुकडे होऊ देत नाही. लोहाचा तुटवडा पडला की तेच प्रथिन एकीकडे कोठार बांधणं थांबवतं आणि दुसरीकडे आवक वाढवतं.

मग त्याला लोह कळतं कसं? १९९१ च्या सुमारास उलगडलं की आयआरपी-१ (आयआरपीचा एक प्रकार) म्हणजे पेशीद्रवातलं अकोनिटेज हे विकरच. लोह-गंधकाचा पुंजका आत असला की ते विकराचं काम करतं. पुंजका गेला की आरएनएला धरतं.

फेरिटिनच्या एमआरएनएतली ही घडी बिघडली तर काय होतं, ते १९९५ मध्ये फ्रान्स आणि इटलीतल्या काही कुटुंबांत दिसलं. रक्तात फेरिटिन भरमसाट, लोह मात्र नेहमीइतकंच, आणि तरुणपणीच मोतीबिंदू. शरीरात लोह साठलंय असं समजून अशा रुग्णांचं रक्त काढलं, तर त्यांना ॲनिमिया व्हायचा.