चपलेची झिजलेली कड

आईचा उजवा गुडघा दोन पावसाळे दुखत होता. तेल चोळून झालं, शेकून झालं. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे नेलं, तर गुडघ्याला हात लावायच्या आधी त्या बाईंनी विचारलं, "काकी, रोजच्या चपला ह्याच ना? जरा काढून द्या बघू."

चपला उलट्या करून टेबलावर ठेवल्या. डाव्या टाचेची बाहेरची कड थोडी घासली होती. ती बहुतेकांची घासते, कारण चालताना पाऊल टेकतं ते तिथेच. उजव्या चपलेची मात्र आतली कड टाचेपासून अंगठ्यापर्यंत पातळ झाली होती.

पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. अनवाणी उभं राहिलं की भाराचा साधारण 60 टक्के हिस्सा टाचेवर येतो, उरलेला बराचसा चवड्यावर. म्हणजे निरोगी तळव्यावरही दाब सगळीकडे सारखा नसतोच. पण चालताना तो सरकत राहतो: टाच, मग बाहेरची कड, मग चवडा, शेवटी अंगठा. पाऊल टेकताच तळव्याची कमान किंचित बसते, पाऊल आत कलतं आणि धक्का जिरतो. पुढच्या क्षणी टाच उचलते, बोटं वाकतात आणि तळव्याखालचा जाड पडदा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ताणला जाऊन कमान पुन्हा उभी राहते. रहाटाची ही उपमा पावलाच्या रचनेचे अभ्यासक हिक्स यांनी 1954 मध्ये मांडली. एकच पाऊल आधी मऊ आणि लगेच ताठ कसं होतं, हे मला त्यातूनच नीट कळलं.

आईची उजवी कमान बसायची, पण उठायची नाही. बाईंनी तिला एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. डावी टाच उचलली गेली आणि उचलताना आत वळली, वळायला हवी तशीच. उजवी टाच जमिनीवरून हललीच नाही. घोट्याच्या आतल्या बाजूने खाली येऊन कमानीला धरून ठेवणारी एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, असते. चाळिशीनंतर, विशेषतः बायकांमध्ये, ती थकून सैल पडू शकते. पाऊल आत कललं की टाचेचं हाड कलंडतं, त्याच्याबरोबर नडगी आत वळते आणि तिच्यामागून मांडीही. गुडघा हा मुळात बिजागरीसारखा सांधा, त्याला हा पीळ फारसा सोसत नाही. मग कंबर स्वतःच्या परीने तोल सावरू पाहते.

सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तराला, रक्तवाहिन्या नसतात. दाबली आणि सुटली की स्पंजासारखी ती सांध्यातला द्रव शोषते, त्यावरच जगते. म्हणून चालणं तिला हवंच असतं. त्रास होतो तो रोज त्याच कोपऱ्यावर जास्तीचा भार पडत राहिला तर.

मग आईच्या फिरण्याचा विषय निघाला. रोज सकाळी ती मोरजीच्या किनाऱ्याने ओल्या वाळूतून जायची, समुद्र डावीकडे ठेवून, आणि परत यायची रस्त्याने. वाळू समुद्राकडे उतरती. वरच्या बाजूचं उजवं पाऊल प्रत्येक पावलागणिक आत कलायचं. परतीची वाट किनाऱ्यानेच असती तर निदान बाजू तरी बदलली असती. दुखणं यातूनच सुरू झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण आधीच थकलेल्या कंडरेवर ताण वाढला असणार.

हे वाचून कुणी घरच्या सगळ्यांचे सपाट तळवे तपासायला बसू नये. सपाट पाऊल दुखत नसेल तर उपचार लागत नाही. गुडघ्याची झीज बहुधा आतल्या बाजूला असते, म्हणून चपलेत बाहेरच्या कडेला उंचवटा घालायचे प्रयोग बरेच झाले. त्याने गुडघ्यावरचा भार थोडा हलतो, पण साध्या सपाट तळापेक्षा वेदना फारशा कमी होत नाहीत. व्यायामाचा आधार त्याहून भक्कम आहे.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आढळलं ते आपल्या गोव्यात, 26.4 टक्के. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेली की दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस भार हलवत नाही. तिथे आधी घट्टा होतो आणि घट्ट्याखाली जखम. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं: पावलं झडतात ती रोगाने नव्हे, न जाणवणाऱ्या दाबाने.

बाबांना पंधरा वर्षं मधुमेह आहे. रात्री जेवणं झाली की आई दिव्याखाली त्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. मग खिडकीची चौकट धरून स्वतःची उजवी टाच उचलते. काल सात वेळा जमलं.