महाविद्यालय बदल (सातारा व सांगली जिल्हे)

एका महाविद्यालयात सुरू झालेले शिक्षण, उत्तीर्ण केलेली वर्षे वाया न जाऊ देता, दुसऱ्या महाविद्यालयात पुढे नेण्याची प्रक्रिया. बोलण्यात ‘कॉलेज बदलणे’ किंवा नुसते ‘टीसी (महाविद्यालय सोडल्याचा दाखला) काढणे’. वडिलांची बदली, लग्न, घरची अडचण, रोजचा एसटीचा प्रवास न झेपणे, हवा तो विषय गावाजवळ नसणे ही नेहमीची कारणे.

विद्यापीठाची हद्द ओलांडली जाते की नाही, यावर ही प्रक्रिया सोपी की अवघड ते ठरते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याआधी या भागातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडे, आणि १९४९ पूर्वी मुंबईकडे होती. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) या तिन्ही विद्यापीठांखाली नांदले. आज कराडचा विद्यार्थी शिवाजी विद्यापीठाच्याच सांगलीतल्या महाविद्यालयात आला, तर टीसी, गुणपत्रिका आणि नव्या ठिकाणी रिकामी जागा एवढ्यावर बहुधा काम होते. लोणंदची मुलगी बारामतीला गेली की मात्र ती पुणे विद्यापीठात जाते. जतहून मंगळवेढ्याला जाणाऱ्याचेही तसेच. २००४ साली सोलापूर विद्यापीठ वेगळे होईपर्यंत दोन्ही गावे एकाच विद्यापीठात होती. अशा वेळी जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र लागते आणि नव्या विद्यापीठाचा पात्रता विभाग कागद तपासून मान्यता देईपर्यंत प्रवेश तात्पुरताच राहतो.

सातारा शहरात तर रस्ता ओलांडण्याइतक्या अंतरावरही विद्यापीठ बदलू शकते. रयत शिक्षण संस्थेची छत्रपती शिवाजी महाविद्यालय, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही तीन महाविद्यालये २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात एकत्र आली. शहरातली इतर काही महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाकडेच राहिली.

खरी अडचण अभ्यासक्रमाची असते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या स्वायत्त संस्था आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात. त्यामुळे पदवीचे नाव तेच असले तरी एकीकडे तिसऱ्या सत्रात झालेला विषय दुसरीकडे पाचव्यात असतो, आणि मधला राहिलेला विषय नव्याने द्यावा लागतो. त्यात जुन्या विषयांची एटीकेटी, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात गेलेले असणे, असेल तर गुंता आणखी वाढतो. हे सारे प्रवेशाआधी विभागप्रमुखांसमोर दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून तपासायला हवे. प्रत्यक्षात विद्यार्थ्यांना ते सत्र सुरू झाल्यावर कळते, आणि पुष्कळांचे वर्ष तिथेच जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली आणलेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. राज्याच्या नव्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट्स लागतात. ही सोय मोलाची आहे, विशेषतः लग्नानंतर सासरच्या गावी जाऊन शिकू पाहणाऱ्या मुलींसाठी. मधे एखादे वर्ष खंड पडला तरी पूर्वीची मेहनत पुसली जात नाही. तरीही कोणती क्रेडिट्स धरायची हे नवे विद्यापीठच ठरवते.

कागदांचा क्रम सांभाळणे महत्त्वाचे. नव्या महाविद्यालयाने जागा आहे असे लेखी दिल्याशिवाय जुन्याची टीसी काढू नये. टीसी निघाली की जुने नाव कमी होते आणि नवी जागा हुकल्यास विद्यार्थी दोन्हीकडून जातो. टीसीसाठी ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांची ‘नो ड्यूज’ सही लागते. मूळ गुणपत्रिका आणि दाखले अडवून ठेवण्यास आयोगाने २०१८ मध्ये मनाई केली. त्याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास, प्रक्रिया शुल्क वगळता सारी फी परत मिळते. ती तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील जुन्या महाविद्यालयाच्या अर्जाचे काय करायचे, हेही टीसी काढतानाच कार्यालयात विचारून घ्यावे.

वैद्यकीय शिक्षणाची गोष्ट निराळी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी मिळालेली एमबीबीएसची जागा बदलून घेण्यास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने बंदी घातली. अकरावी-बारावीचा विषय विद्यापीठाकडे येतच नाही. तो राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागाच्या अखत्यारीत असून दोन्ही जिल्हे त्याच विभागात मोडतात.