दारावरचं पोस्टर आणि खिशातलं ब्लूटूथ

एप्रिल २०२० मधे आमच्या इंदूरला रोज नवे पेशंट निघत होते, तेव्हा गल्लीतल्या एका काकांच्या फाटकावर क्वारंटाइनचं पोस्टर लागलं, नाव-तारखेसकट. दूधवाला पिशवी लांबूनच ठेवून जायचा. समोरच्या घरात दोघांना ताप होता पण त्यांनी कोणाला सांगितलंच नाही, ताप परवडला पण ते पोस्टर नको असं झालं होतं लोकांना.

ही भीती जुनी आहे. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगमधे रँडचे सोल्जर घरात, देवघरात घुसून पेशंट शोधायचे आणि लोक आपली माणसं लपवायचे. शेवटी २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मधे परत वापरला, म्हणून मला वाटतं प्रायव्हसी हे शहाण्यांचं फॅड नाही, लोकांचा भरवसा नसेल तर साथीतला माणूस सापडतच नाही.

पेशंटच्या जवळ कोण आलं होतं ते फोनच्या ब्लूटूथवरून शोधायची सुरुवात सिंगापूरने केली, २० मार्च २०२० ला, ट्रेसटुगेदर ॲपने. फोन एकमेकांना ब्लूटूथवर कोड देणार, पण कोणता कोड कोणाचा ते सरकारला कळणार. डेटा फक्त साथीसाठीच म्हणाले होते, आणि जानेवारी २०२१ मधे कळलं की गुन्ह्याच्या तपासात पोलिसही तो मागू शकतात.

युरोपात कार्मेला ट्रोन्कोसो आणि त्यांच्या सोबतच्या रिसर्चर्सनी एप्रिल २०२० मधे अशा ॲपसाठी डीपी-३टी नावाची पद्धत मांडली, आणि मला यातली युक्ती फार आवडते. फोन एक रँडम नंबर हवेत सोडतो, तो थोड्या थोड्या वेळाने बदलतो, जवळचे फोन तो नुसता साठवून ठेवतात. कोणी पॉझिटिव्ह निघालं तर तो स्वतःच्या मर्जीने आपल्या नंबरांची चावी, म्हणजे ज्यावरून ते नंबर बनतात ती, सर्व्हरवर टाकतो, बाकी सगळ्यांचे फोन ती उतरवून घेतात आणि जुळवाजुळव आपल्याच पोटात करतात. कोण कोणाला भेटलं हे सर्व्हरला कळतच नाही. ॲपल आणि गूगलने १० एप्रिलला असाच रस्ता धरला, मग जर्मनीनेही आपला सेंट्रल सर्व्हरचा, म्हणजे जुळवाजुळव एकाच जागी करायचा, प्लॅन सोडला. एक उणीव मात्र राहिलीच, ब्लूटूथ भिंतीच्या आरपार जातं, म्हणजे शेजारच्या घरातला माणूसही भेटल्यासारखा दिसू शकतो.

आपलं आरोग्य सेतू ॲप २ एप्रिलला आलं. त्यात नाव, फोन नंबर, वय, शिवाय ब्लूटूथसोबत जीपीएसही. १ मेच्या ऑर्डरने नोकरदारांना ते कंपल्सरी झालं, आणि डेटा कोणी किती दिवस ठेवायचा याचे नियम ११ मेला आले, म्हणजे आधी सक्ती मग नियम, हे उलटं व्हायला हवं होतं. प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे हे तर सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०१७ मधेच सांगितलं होतं ना.

पोस्टरांबद्दल सुप्रीम कोर्ट ९ डिसेंबर २०२० ला बोललं, सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याशिवाय ती लावू नका. तोवर आमची आई भाजी आणायला निघताना फोनचं ब्लूटूथ बंद करून जायची, न जाणो काही मेसेज आला आणि आपल्याही दाराला चिकटवलं तर.