अफूजन्य व्यसनाचा उपचार आणि उत्तेजक द्रव्ये

हेरॉइन, मॉर्फीन, फेंटानिल यांचे व्यसन सुटावे म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधे घेणाऱ्या रुग्णांकडून होणारे कोकेन, मेथँफेटामीन आदी उत्तेजक द्रव्यांचे सेवन. मेथाडोन उपचाराची पायाभरणी व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये केली.

या दोन व्यसनांची सांगड मात्र त्याहून बरीच जुनी आहे. १८८० च्या आसपास अमेरिकी वैद्यक नियतकालिकांतून कोका (जिच्या पानांपासून कोकेन मिळते ती वनस्पती) हा अफूच्या सवयीवरचा उतारा म्हणून सुचवला जाऊ लागला. त्यावर विसंबून सिग्मंड फ्रॉइड यांनी १८८४ मध्ये आपले मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो यांना कोकेन सुचवले. अंगठा कापावा लागल्यानंतरच्या असह्य वेदनांमुळे फ्लाइश्ल मॉर्फीनच्या आहारी गेले होते. मॉर्फीन सुटले नाही, वर कोकेन जडले. १८९१ मध्ये ते वारले.

मेथाडोनवरचा रुग्ण कोकेन का घेतो, यावर एकमत नाही. हेरॉइनची धुंदी बोथट झाल्याने तो दुसरी शोधतो, असे काही मानतात. औषधाची मरगळ घालवण्यासाठी घेतो, असे इतर. हेरॉइन आणि कोकेन ही दोन्ही द्रव्ये उपचाराआधीपासूनच, कित्येकदा ‘स्पीडबॉल’ म्हणून एकाच सुईतून घेतली जातात, हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण उपचार सुरू झाल्यावर अनेकांचे कोकेनही कमी झालेले आढळते. मात्र मेथाडोन कोकेनवरचे औषध नव्हे. त्याचे कार्य मेंदूतील ज्या ग्राहींना (पेशींवरील जागांना) अफूजन्य द्रव्ये चिकटतात त्यांवर चालते, तर कोकेन डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण रोखते. शिवाय दोन्हींमुळे हृदयाची लय बिघडू शकते. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध अफूजन्य विषबाधा उतरवते, कोकेनची नाही.

लघवीत कोकेन सापडले की मेथाडोन तोडायचे, ही काही केंद्रांची जुनी रीत घातक आहे. असा रुग्ण पुन्हा हेरॉइनकडे वळतो आणि मृत्यूचा धोका वाढतो.

उत्तेजकांच्या व्यसनावर अमेरिकेत मान्यताप्राप्त औषध नाही. बक्षीस पद्धतीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांच्या पद्धतीत लघवीची तपासणी निर्दोष आली, म्हणजे तीत अमली द्रव्य सापडले नाही, की रुग्ण भांड्यातून चिठ्ठी काढतो. ५०० पैकी २५० चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, २०९ वर सुमारे एका डॉलरची वस्तू, ४० वर वीस डॉलरची आणि एकीवर शंभर डॉलरचे बक्षीस असते. सहा मेथाडोन केंद्रांतील ३८८ रुग्णांवरच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा बक्षिसांमुळे निर्दोष नमुन्यांची शक्यता जवळजवळ दुप्पट झाली. उपचारात टिकून राहण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.